'ट्वायलाइट'नंतर पुढे काय वाचायचं?

स्टेफनी मायरच्या या व्हॅम्पायर-प्रेमकथेतल्या एडवर्ड-बेलाने झपाटलंय ना? तरी लगेच 'मिडनाइट सन' घेऊ नकोस. २०२० चं ते पुस्तक पहिल्याच भागातले प्रसंग एडवर्डच्या बाजूने सांगतं. आत्ताच वाचलंस तर कंटाळशील. आधी 'न्यू मून' (२००६), मग 'इक्लिप्स' (२००७), शेवटी 'ब्रेकिंग डॉन' (२००८). गाडी अडते ती 'न्यू मून'मध्ये, कारण एडवर्ड सुरुवातीलाच निघून जातो तो पार शेवटाकडे परततो. मध्ये ऑक्टोबर ते जानेवारी, नुसती महिन्यांची नावं असलेली पानं येतात. छपाईची चूक समजून दुकानदाराशी भांडू नकोस, बेलाचे ते महिने तसेच रिकामे गेलेत! हा भाग मात्र गाळू नकोस. जेकब या ओळखीच्या मुलाशी बेलाची मैत्री इथेच मुरते, त्याशिवाय 'इक्लिप्स'मधली एडवर्ड आणि जेकब यांच्यातली तिची ओढाताण पोकळ वाटेल. 'ब्रेकिंग डॉन'चा मधला भाग तर जेकबच सांगतो.