‘अनदर राउंड’ हा सिनेमा दारूची भलामण करतो का?

नाही. पण पहिला तासभर तसं वाटतं खरं.

कोपनहेगनमधले चार शिक्षक, चाळिशी ओलांडलेले, पार आंबून गेलेले. माणसाच्या रक्तात जन्मतःच 0.05 टक्के अल्कोहोल कमी असतं, अशी एक कल्पना त्यांना सापडते आणि ते कामाच्या वेळेत ती ‘उणीव’ भरून काढायला लागतात. रात्री आठनंतर बंद, असा नियमही करतात. इतिहासाचा मार्टिन (मॅड्स मिकेलसन) वर्गात खुलतो. मग प्रमाण वाढतं, आणि घरं विस्कटतात.

आम्ही चौघांनी तो घोडबंदर रोडला एका मित्राकडे पाहिला. एकाने चकली तोंडात तशीच धरून मोबाइलवर हिशोब केला: 0.05 म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम, आणि आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 30! म्हणजे ‘उणीव’ भरली की नाकाबंदीत सापडलोच. खूप हसलो. शेवटच्या अर्ध्या तासात मात्र कुणी ग्लास उचलला नाही.

2021चं ऑस्कर आहे त्याला. शेवटचा नाच चुकवू नका. तो आनंदाचा की बुडण्याचा, यावर आमचं अजून भांडण चालू आहे.