पुण्यातली गॅलरी विकू नका

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात 9 वर्षं चित्रांची गॅलरी चालवलीत, निर्माती म्हणून एक मराठी चित्रपट आणि दोन माहितीपट पुरे केलेत, वय 44. आता गॅलरीची जागा विकायची, बर्लिनला यायचं आणि दोन्ही कामं इथे नव्याने उभी करायची. जमेल का?

जमेल, पण जागा विकून नव्हे. मी 2012 मध्ये गिरगावातलं बिऱ्हाड आवरून बर्लिनला आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ऐकलं असतं, असंही नाही.

आधी कागदपत्रं. इथे चित्रकार, दिग्दर्शक, संकलक ही मंडळी ‘फ्रायबेरूफ्लर’, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक. त्यांना बर्लिनमध्ये राहून काम करायचा परवाना त्यातल्या त्यात सहज मिळतो. गॅलरीवाली मात्र कायद्याच्या लेखी दुकानदार, आणि निर्मातासुद्धा बहुतेक वेळा दुकानदारच. त्याला ‘गेवेर्बे’ म्हणतात. त्यासाठी धंद्याचा आराखडा द्यायचा, भांडवल कुठून येणार ते दाखवायचं आणि तुमच्या धंद्याची इथे गरज काय हेही पटवायचं. शिवाय 45 ओलांडलं की म्हातारपणाची तजवीज दाखवावी लागते: पेन्शन, ठेवी, मालमत्ता. म्हणजे विकायला काढलेली ती जागाच तुमच्या अर्जातला सगळ्यात वजनदार कागद ठरू शकते. वकील मात्र परवान्याच्या कामातलाच गाठा. ओळखीतल्या कुणाचं कसं झालं यावर जाऊ नका, माझ्यावरही नको.

आरोग्य विम्याचं गणित लोक शेवटी करतात, तुम्ही पहिलं करा. भारतातून थेट स्वतःचा धंदा करायला आलं की सरकारी विम्यात शिरणं अवघड, आणि चाळिशीनंतर खाजगी विमा चांगलाच महाग. ‘क्युन्स्टलरझोत्सियालकासं’ ही कलाकारांची विमा-पेन्शन योजना आहे. तीत निम्मा हप्ता कलाकाराच्या डोक्यावरून उतरतो. पत्रात तुम्ही तिच्यावर बरीच भिस्त ठेवलेली दिसते. पण ती कलाकारांसाठी आहे, गॅलरीवाल्यांसाठी नाही. उलट कलाकाराला दिलेल्या पैशांवर गॅलरीलाच 5 टक्क्यांच्या आसपास वर्गणी भरावी लागते, कलाकार साताऱ्यात राहत असला तरी. मी हे धरलंच नव्हतं. एके दिवशी मागच्या वर्षांसकट आकडा लिहिलेलं पत्र आलं. चूक माझीच, पण तो महिना नुसत्या वरण-भातावर काढला.

आता चित्रपट. इथे निधी आहे म्हणून लोक येतात आणि तो आहेही. चित्रपटांना निधी देणारं बर्लिन-ब्रांडेनबुर्गचं मेडियनबोर्ड घ्या. ते जेवढा पैसा देतं, निदान तेवढा याच प्रदेशात खर्च व्हावा लागतो. तुमची गोष्ट घडते कोकणात, नट मराठी, युनिट मुंबईचं. मग बर्लिनमध्ये खर्च करणार कशावर? साउंड मिक्सिंग, कलर ग्रेडिंग म्हणजे शॉटचे रंग जुळवणं, फार तर कॅमेरामन. माझ्या एका माहितीपटाचं ग्रेडिंग म्हणूनच इथे केलं. अंधाऱ्या खोलीत ग्रेडिंगवाल्या बाईच्या शेजारी बसले होते. पडद्यावर राजापूरकडचा जांभ्याचा रस्ता आला आणि तिने लाल उतरवला. मी म्हटलं, राहू दे. पुढच्या शॉटला तिने पुन्हा उतरवला. तिला वाटत होतं, कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स चुकलंय, माती काही इतकी लाल नसते. शेवटी फोनवर माझ्या मामाच्या अंगणाचा फोटो दाखवला, त्यात मामाचं पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत लाल. मग तिने सगळी रीळं पहिल्यापासून काढली. दोन दिवस जास्त गेले, आणि ते बजेटमध्ये नव्हते. निधीचा शेवटचा हप्ता हिशेब तपासून झाल्यावरच येतो, तोवर फरक निर्मात्याने सोसायचा.

तर मुद्दा असा. जर्मन कंपनी काढून निधीच्या रांगेत उभं राहणारे इथे ढिगाने आहेत, भाषा येणारे, ओळखी असणारे. तुमची किंमत वेगळ्या ठिकाणी आहे. भारत आणि जर्मनीमध्ये सहनिर्मितीचा करार आहे, आणि त्यात भारतातला निर्माता लागतोच. ज्याची कंपनी तिथे चालू आहे, ज्याच्याकडे पटकथेचे हक्क आहेत आणि ज्याला सिंधुदुर्गात शूटिंगची परवानगी काढता येते, असा निर्माता इथल्या लोकांना हवा असतो. कंपनी बंद करून इथे आलात तर त्यांना हवी असलेली बाई उरत नाही, रांगेत आणखी एक वाढते. चित्रपट मराठीत आहे याचा अडसर मानू नका. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचं मोठं ज्युरी पारितोषिक मिळालं, आणि तो भारत, ब्रिटन आणि कॅनडाच्या निर्मात्यांनी मिळून केलेला चित्रपट आहे.

गॅलरीचा हिशेब याहून निष्ठुर. मी 2015 ते 2019 बर्लिनच्या नॉयकोल्न भागात दोन खोल्यांची गॅलरी चालवली. समजा 3000 युरोचं चित्र विकलं. निम्मे चित्रकाराचे, 1500 माझे. त्यातून वर सांगितलेली वर्गणी, फ्रेम आणि वाहतुकीतला माझा वाटा, ओपनिंगची वाइन हे वजा जाता हातात जेमतेम 900 राहायचे. भाडं 1400, म्हणजे नुसत्या भाड्यासाठी महिन्याला दोन चित्रं खपायला हवीत. खपत नव्हती. घराच्या भाडेकरूला इथे कायद्याचं भक्कम संरक्षण असतं, दुकानाच्या जागेला तसं काही नाही. मुदत संपली, मालकाने आकडा सांगितला, मी चावी दिली. एक दिलासा मात्र आता आहे, जो मला नव्हता: 1 जानेवारी 2025 पासून कलाकृतींच्या विक्रीवरचा व्हॅट पुन्हा 7 टक्के झालाय. 2014 पासून गॅलऱ्या 19 भरत होत्या.

आणि ओपनिंगच्या गर्दीवर जाऊ नका. इथे लोक वाइनला येतात, छान बोलतात, सायकल काढतात आणि जातात. पुण्यात निदान तोंडावर सांगतात की परवडत नाही.

क्रेटचं सांगितलंच पाहिजे. पहिल्या प्रदर्शनाची 11 चित्रं मुंबईहून मागवली. पॅकिंगवाल्याने सुरेख क्रेट केली, आत फोम, कोपऱ्यांना पत्रा. पण लाकूड कच्चं. परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्याला उष्णतेची प्रक्रिया करावी लागते, किडे जाऊ नयेत म्हणून, आणि तसा गव्हाच्या लोंबीचा शिक्का खोक्यावर मारलेला असतो. आमच्यावर तो नव्हता. क्रेट विमानतळावर अडकली, ओपनिंग शुक्रवारी. तीन भिंतींवर नुसते खिळे आणि खाली चित्रांची नावं, अशा अवस्थेत आम्ही दार उघडलं. दोघांना वाटलं, हीच कलाकृती.

पत्रात तुम्ही पैठणच्या जुन्या चित्रकथीच्या पानांबद्दलही लिहिलंय. ती आणायचा विचार डोक्यातून काढा. शंभर वर्षांपुढची चित्रं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. हयात चित्रकारांचं काम मात्र खुशाल आणा, आणि सुरुवातीला कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदावर आणा. भारतात ते फिक्की ही उद्योगसंघटना देते, एक वर्ष चालतं, प्रदर्शन करून माल परत न्यायचा. काही विकलं गेलं तर तेवढ्याचीच रीतसर आयात करायची. मूळ कलाकृतीवर सीमाशुल्क नाही, आयातीचा व्हॅट 7 टक्के.

मी तुमच्या जागी असते तर घाई केली नसती. नोव्हेंबरात गोव्याच्या फिल्म बाजारला, चित्रपट-व्यवसायाच्या मेळ्याला जा. जर्मन निर्माते तिथे भेटतात, आणि कॉफी तिथे स्वस्त. मग फेब्रुवारीत बर्लिनालेला या. महोत्सवाला जोडून युरोपियन फिल्म मार्केट भरतं, तुमचं खरं काम तिथे. एप्रिलच्या शेवटाला किंवा मेच्या सुरुवातीला गॅलरी वीकेंड असतो. दोन्हींच्या मधलं अंतर शेंगेन व्हिसाच्या 90 दिवसांत कसंबसं बसतं. भेटीगाठी कराव्यात, बघावं. त्या व्हिसावर काम करून पैसे मिळवायचे नाहीत, एवढं पाळा. आउगुस्टश्ट्रासं आणि पोट्सडामर श्ट्रासं या रस्त्यांवरच्या गॅलऱ्या गर्दीच्या दिवशी नको, एखाद्या पावसाळी मंगळवारी बघा. कोण येतं, आतला माणूस मान वर करून बघतो का, मोजा. माझ्या गॅलरीत अशा मंगळवारी टपालवाला यायचा.

त्यानंतर एखादी जागा तीन आठवड्यांपुरती भाड्याने घेऊन प्रदर्शन करा. गॅलरी बंद केल्यापासून मीही तेच करते, वर्षातून दोनदा. उरलेले महिने चित्रपटाचे.

दोन गोष्टी मला विचारायच्यात. तुमच्या चित्रकारांशी लेखी करार आहेत की सगळं शब्दावर? आणि चित्रपटाच्या पटकथेचे हक्क कंपनीच्या नावावर आहेत की लेखकाकडेच? इथला कुणीही सहनिर्माता पहिल्या भेटीनंतर तोच कागद मागेल. नसतील तर पुण्यात असतानाच करून घ्या. लेखक मित्र असेल तर आधी करा.