सरकार बदललं की विधानसभेची मुदत परत पहिल्यापासून सुरू होते का?
नाही हो, मुदत सभागृहाची असते, सरकारची नाही. संविधानाच्या कलम १७२ नुसार पहिल्या बैठकीपासून ५ वर्षं, मधेच विसर्जित केली नाही तर. आपली २०१९ ची विधानसभाच बघा, भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, म्हणजे बहुमताला लागणारे १४५ एकट्या कुणाकडेच नाहीत, मग राष्ट्रपती राजवट, २३ नोव्हेंबरला राजभवनावर फडणवीस-अजित पवारांचा तो पहाटेचा शपथविधी, ते सरकार २६ लाच गेलं, मग शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे, जून २०२२ ला एकनाथ शिंदे. एवढं होऊनही मुदत २६ नोव्हेंबर २०२४ लाच संपली. बरेच आमदार अडीच वर्षं या बाकांवर, अडीच त्या बाकांवर, मतदाराला मधे कुणी विचारलंच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.