कुंडीत अडुळसा लावता येतो का? आणि खोकल्यासाठी त्याचा रस कसा काढायचा?

येतो की. रोप विकत घ्यायचीही गरज नाही. पावसाळ्याच्या तोंडाला कुणाच्या तरी कुंपणातली पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी मागून आणा आणि तिरकी खोचा. शेळ्याही सहसा याला तोंड लावत नाहीत, म्हणून तर गावाकडे तो कुंपणाला असतो. कुंडी जरा मोठी घ्या, पाणी साचू देऊ नका. बाकी तो आपलं आपण बघतो.

कच्ची पानं कितीही कुटा, हाती चोथाच जास्त येतो. त्यापेक्षा जून पानं तव्यावर शेका. काळपट होऊन मऊ पडली की फडक्यात धरून पिळा. चमचाभर रस मधातून घ्यायचा. चव कडूजहर, मधाने फार फरक पडत नाही! छातीत कफ दाटला असेल तेव्हा हा कामाचा. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे औषध यातल्याच वासिसिन या घटकावरून तयार झालं.

गरोदर बाईने मात्र अजिबात घेऊ नये, गर्भाशय आकुंचन पावण्याचा धोका असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर रस पिळत बसू नका, थुंकी तपासून घ्या.