वाचकांचे प्रश्न : राणीच्या बागेत कॅमेरा घेऊन

प्रश्न : डिसेंबरात मुलांना घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत जायचे आहे. डीएसएलआर आणि ७०-३०० झूम लेन्स आहे. अख्खा दिवस मोकळा आहे, तो कसा वापरावा? – एक वाचक, ठाणे

आधी वार बघा. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजेच राणीची बाग, बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडे राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद. दारे साडेनऊला उघडतात, म्हणजे कोवळे ऊन बरेचसे निघून गेलेले असते. त्यामुळे पहिला तास-दीड तास सगळ्यात मोलाचा. त्या वेळात सगळी बाग पालथी घालायला जाल तर हाती काहीच लागणार नाही. वाघ आणि अस्वल अशी दोनच ठिकाणे ठरवा आणि तिथेच थांबा.

थांबण्याचे कारण साधे आहे. रात्रीच्या खोलीतून बाहेर सोडलेला प्राणी आधी आपली सगळी हद्द हुंगत फिरतो, आणि बहुतेक वेळा त्याच वाटेने पुन्हा पुन्हा येतो. वाघाच्या दोन फेऱ्या नुसत्या बघा. तो कुठे वळतो, कुठे मान वर करतो, कुठल्या झाडापाशी थबकतो हे ध्यानात आले की त्या जागेवर आधीच फोकस साधून ठेवता येतो. तिसऱ्या फेरीला फोटो तुमचा.

क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर ३०० मिमी लेन्स ४५० मिमीसारखी वागते, म्हणून हातात धरून शटर १/५०० सेकंदापेक्षा संथ ठेवू नका. माकडांच्या उड्यांना १/१००० लागतो. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ८०० ते १६०० वर गेला तरी चालेल. थोडे दाणे दिसलेले परवडतात, हललेला डोळा परवडत नाही.

बारा ते तीन प्राणी सावलीत पडून राहतात. त्यातच या बागेत जुनी मोठी झाडे भरपूर, त्यामुळे दुपारी अंगावर उन्हाचे कवडसे पडतात आणि वाघाचे पट्टे कुठले, उन्हाचे ठिपके कुठले ते कळेनासे होते. हा वेळ पेंग्विनच्या दालनाला आणि पक्षी विहाराला द्या. विहारात माणूसच जाळीच्या आत शिरतो, समोर अडसर नसतो. फक्त पक्ष्यामागे वरची जाळी आणि पांढरे आकाश येणार नाही असा कोन शोधा. मागे झाडी आली पाहिजे.

चारनंतर पाणघोड्याकडे जा. तो पाण्याखाली गेला की साधारण तीन ते पाच मिनिटांनी वर येतो. आधी बुडबुडे दिसतात, मग नाकपुड्या उघडतात, मग तो कान झटकतो आणि पाण्याचे थेंब गोल उडतात. तो कान झटकण्याचा क्षण १/१००० वर टिपा. बुडबुडे दिसताच बोट शटरवर हवे.

प्रश्न : कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मोबाइलने फोटो काढले. जिथे जाळी आहे तिथे प्राणी अस्पष्ट आणि जाळीच ठळक आली. मोठ्या कॅमेऱ्यात मात्र जाळी गायब होते म्हणतात, ते कसे? – एक वाचक, पुणे

जाळी पुसली जाते ती लेन्सच्या उघड्या तोंडामुळे. ३०० मिमी लेन्सचे छिद्र एफ/५.६ ला ठेवले तर ते तोंड साधारण ५३ मिमी रुंद असते (एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे). समोरची तार ३ मिमीची. ती थोडासाच प्रकाश अडवते, बाकीचा तिच्या दोन्ही बाजूंनी आत येतो. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे तोंड जेमतेम तीन-चार मिमी, म्हणजे तारेएवढेच. तार समोर आली की ती दिसणारच.

म्हणून मोबाइलला उपाय एकच : जिथे जाळीला हात लावण्याची मुभा आहे तिथे जाळीच्या भोकाच्या बरोबर मध्ये लेन्स टेकवायची. पुढे कठडा असेल तर तो ओलांडून जाळीपाशी जायचे नाही. बिबट्याचा पंजा जाळीतून बाहेर येऊ शकतो, कठडा त्यासाठीच आहे. अशा ठिकाणी मोबाइल खिशात ठेवून खंदकवाल्या मोकळ्या पिंजऱ्यांकडे वळावे हे बरे.

मोठ्या कॅमेऱ्यालाही तीन अटी आहेत. छिद्र पूर्ण उघडे हवे, प्राणी जाळीपासून मागे, शक्य तितका दूर हवा, आणि जाळीवर ऊन नको. शेवटची अट बहुतेकजण विसरतात. जस्ताच्या जाळीवर ऊन पडले की तारा दिसल्या नाहीत तरी सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा येतो. थोडे बाजूला सरकून जाळीचा सावलीतला भाग शोधा. फोकसचा एकच बिंदू निवडून डोळ्यावर ठेवा. कॅमेऱ्यावर सोडलेत तर तो सगळ्यात जवळची वस्तू, म्हणजे तारच, पकडतो.

खंदकापाशी लोक कठड्यावरून खाली कॅमेरा धरतात आणि प्राणी बुटका दिसतो. खाली बसा, कठड्याच्या फटीतून काढा, आणि प्राणी पलीकडच्या काठाला जाईपर्यंत वाट बघा. तो तुमच्या नजरेच्या उंचीवर आला की फोटोत जीव येतो.

प्रश्न : पेंग्विनच्या फोटोंत आमचेच चेहरे आले, काहींत आडवे काळे पट्टे. पोलरायझर लावावा का? – एक वाचक, डोंबिवली

पोलरायझर, म्हणजे प्रतिबिंबे कापणारा फिल्टर, नको. समोरून सरळ बघताना तो प्रतिबिंब कापतच नाही. त्याचा खरा उपयोग काचेकडे बराच तिरका कोन असतानाच होतो. जाड अ‍ॅक्रिलिकवर तर तो इंद्रधनुषी रंगांचे पट्टे उठवतो, आणि वर प्रकाश खातो तो वेगळाच. त्यापेक्षा रबरी लेन्स हूड काचेला काटकोनात टेकवा. तो नसेल तर काळा रुमाल लेन्सभोवती गुंडाळा. स्वतः गडद कपडे घाला. काचेवर मुलांच्या बोटांचे ठसे असतात, तेवढी जागा मऊ कापडाने पुसून घ्या. जाड काचेतून रंग हिरवट येतो. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल असेल तर तो घरी सहज दुरुस्त होतो.

काळे पट्टे दिव्यांचे आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा आणि उभ्या पेंग्विनला १/१०० ठेवा. पोहणाऱ्याला १/५०० लागतोच. तिथे पाठोपाठ दहा-बारा फोटो काढून त्यातले चांगले निवडावेत.

फ्लॅश पूर्ण बंद, आणि मेनूमधला फोकसला मदत करणारा नारिंगी दिवाही बंद. लोक हा दिवा विसरतात, पण अंधाऱ्या दालनात तो प्राण्याच्या थेट डोळ्यांत जातो.

आणखी एक. हे दालन थंड, बाहेर मुंबईची दमट हवा. बाहेर पडताच गार झालेल्या लेन्सवर दव धरते. निघण्यापूर्वी आतच कॅमेरा बॅगेत घालून चेन लावा आणि बाहेर वीस मिनिटे उघडू नका. लेन्स पुसत बसण्यात अर्थ नाही, ती पुन्हा पुन्हा धुरकटते.

प्रश्न : काळे अस्वल राखाडी आणि पांढरा वाघ मळकट का येतो? – एक वाचक, सातारा

कॅमेरा समोर येईल त्याला मध्यम करड्या रंगाचे समजतो. अस्वलाला एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), पांढऱ्या वाघाला तेवढेच वाढवा.

प्रश्न : प्राण्यांपेक्षा बघणारी माणसेच मला जास्त आवडतात. त्यांचे फोटो काढावेत का? आणि झोपलेला वाघ उठावा म्हणून टाळ्या वाजवलेल्या चालतात का? – एक वाचक, नाशिक

दुसऱ्याचे उत्तर आधी : नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३८ जे नुसार प्राणिसंग्रहालयात प्राण्याला छेडणे, खाऊ घालणे, आवाज करून त्रास देणे याला मनाई आहे. शिवाय दचकून उठलेल्या वाघाचे कान मागे पडलेले असतात आणि नजर भेदरलेली. असा फोटो चांगला दिसतच नाही.

माणसांचे फोटो जरूर काढा. त्यासाठी झूम उतरवून ३५ किंवा ५० मिमी लेन्स लावा आणि गुडघ्यावर बसा, कारण काच बघणारी बहुतेक माणसे मीटरभर उंचीची असतात. इथे काचेतले प्रतिबिंब उपयोगी पडते. मागे अंधार आणि मुलाच्या अंगावर उजेड असेल तर त्याचा चेहरा काचेत उमटतो, आणि वाघ काचेजवळून गेला की दोन्ही चेहरे एकाच चौकटीत येतात. फोकस वाघावर ठेवा आणि छिद्र लहान, एफ/८ करा, म्हणजे मूलही ओळखू येते. काचेतले मूल हे प्रत्यक्षात काचेपासून जितके लांब असते तितकेच आत दिसते. वाघही तेवढ्याच अंतरावर आला तर दोघेही स्पष्ट येतात.

ओळखू येणारे मूल दुसऱ्याचे असेल तर आधी आई-वडिलांना विचारा, काढलेला फोटो दाखवा, नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसून टाका. शाळेची सहल असेल तर शिक्षकांना विचारा. विचारायला कोणी नसेल तेव्हा पाठमोरे काढा : काचेला टेकलेले दहा तळवे, बाबांच्या खांद्यावरचे चिमुकले पाय, पाणघोड्याने तोंड उघडताच एकदम मागे सरकलेली रांग.