जोहान्सबर्गच्या पॉन्टे सिटी टॉवरची अशी दशा का झाली? आपल्याकडच्या टॉवरचंही तसंच होईल का?

होईल की. त्यासाठी आफ्रिकेत जायला नको, आमच्या जिन्यात या.

पॉन्टे 1975 ची, 54 मजली, गोल आणि मधून पोकळ. स्वयंपाकघर-बाथरूमला खिडकी हवी असा तिथला नियम, म्हणून मधे पोकळी. बांधली पैसेवाल्या गोऱ्यांसाठी. ऐंशीच्या दशकात ते पांगले, देखभाल ढेपाळली आणि वरून फेकलेला कचरा त्या पोकळीत काही मजले चढला. नव्वदच्या दशकात तिथे तुरुंग करायची कल्पनाही निघाली. 2007 मध्ये आलिशान करायला घेतली, तर पुढच्याच वर्षी मंदी. नंतर साफसफाई, डागडुजी होऊन पुन्हा लोक नीट राहू लागले. सगळे भाडेकरूंना नावं ठेवतात. मला ते पटत नाही. देखभालीचा पैसा कुठे अडला ते बघा.

जळगावात उंच म्हणजे महापालिकेची सतरा मजली. आमची इमारत जेमतेम सात. लिफ्टचा रोप झिजला, बदला म्हणून मेकॅनिकने सांगितलं. मीटिंगमध्ये तळमजल्याचे अण्णा म्हणाले, "मी खाले ऱ्हास, माले लिफ्ट कसाले?" पहिल्या मजल्यालाही लगेच कंठ फुटला. लिफ्ट बंद. आमची आई सहाव्यावर, गुडघे गेलेले. दळणाचा डबा प्रत्येक वळणावर टेकवत वर यायची. मग जिन्यातले दिवे गेले, कोपरे पानाने रंगले, बोअरची मोटर जळाली तशीच राहिली. ज्यांना जमलं ते फ्लॅट भाड्याने देऊन पुण्याला गेले. आणि अण्णा म्हणतात, भाडेकरूंनी वाट लावली!

अण्णा, वाचत असाल तर: आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकारी सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्या सभासदांना समान. वापरा नाहीतर नका वापरू. सिंकिंग फंडही, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा पैसा, प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के.

तुम्ही फ्लॅट घेणार असाल तर सॅम्पल फ्लॅट बघून हुरळू नका. जुनी इमारत असेल तर लिफ्टची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) चालू आहे का, थकबाकी किती, ते विचारा आणि मीटिंगचं इतिवृत्त मागा. तळमजल्यावर कोण राहतं तेही बघा.

हे सगळं सोसायटी असेल तर हं. 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालची इमारत असेल तर खर्च समान नाही, अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक मालकीतल्या आपल्या वाट्याच्या, टक्केवारीने. म्हणजे अण्णांचा आकडा बदलेल, शून्य होणार नाही.