वाचक विचारतात: छत्तीस तासांत अल्बम?

प्रश्न: लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला अल्बम सुमारे ३६ तासांत रेकॉर्ड झाला म्हणतात. हे जमलं कसं? आणि त्यातले ड्रम इतके भरदार का वाटतात?

उत्तर: स्टुडिओत जाण्याआधीच निम्मं काम झालं होतं. ऑगस्ट १९६८मध्ये लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवर बँडचे चौघे पहिल्यांदा एकत्र वाजले. सप्टेंबरमध्ये स्कँडिनेव्हियाचा दौरा झाला आणि गाण्यांची बांधणी रंगमंचावरच पक्की झाली. मग लंडनचाच ऑलिंपिक स्टुडिओ. पैसे बँडचा गिटारवादक आणि अल्बमचा निर्माता जिमी पेज याच्या खिशातले, त्यामुळे तास वाया घालवणं परवडणारं नव्हतं.

ड्रमचं रहस्य अंतरात आहे. माइक अगदी जवळ लावला की फक्त टिपरीचा ठोका मिळतो, खोलीचा घुमारा हरवतो. पेज एक माइक जवळ ठेवी आणि दुसरा लांब, गिटारच्या अँपसाठी (अँप्लिफायरसाठी) तर कधी वीस फुटांवरही, आणि दोन्हींचा समतोल साधून रेकॉर्ड करी. मात्र सगळे एकाच खोलीत वाजवत असले की लांबचा माइक शेजारची वाद्यंही ओढतो. मग एकाची चूक पुसायची तर पूर्ण टेक, म्हणजे गाण्याचं अख्खं रेकॉर्डिंग, पुन्हा. म्हणून आधीची तालीम महत्त्वाची.

याच अल्बममधलं ‘ब्लॅक माउंटन साइड’ जरूर ऐका: अकूस्टिक गिटारसोबत विराम जसानींचा तबला!